उठताना हात टेकावे लागतात

प्रश्न: वय ७२. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, मन खट्टू होतं. आता हे असंच चालायचं का?

उत्तर: मुळीच नाही. मांड्यांचे स्नायू न वापरल्याने अधिक झिजतात, पण या वयातही कमावता येतात. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. बसका सोफा नको. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाका आणि उठा. बहुतेक जण इथेच चुकतात: पाठ ताठ ठेवून उठू पाहतात, मग तोल मागे जातो. बसताना ३ अंक मोजत हळू टेका. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया. दिवसाआड ८-१० वेळा. जमेना तर खाली घट्ट उशी घ्या. किती जमलं ते कॅलेंडरवर लिहा. मनाला नुसतं समजावण्यापेक्षा हे सोपं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.