फ्रेंच कच्चं असलं तरी चालेल का?

प्रश्न: ताई, मी जळगावची, आता पुण्यात शिकते. आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंचचा क्लास लावलाय, तिथल्या कार्यक्रमांना मदत करावीशी वाटते पण बोलताना अडखळते, घरी तर सगळं अहिराणीतच. विचारू का?

उत्तर: विचार गं, उद्याच विचार! आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या करायला, अख्खी भाऊबंदकी कामाला लागते, कोणी दळतं कोणी लाटतं, तिथं कोणी विचारतं का तुला काय येतं म्हणून? फ्रान्समध्ये तर १९०१ च्या कायद्याने दोन माणसं मिळूनही संस्था काढता येते, म्हणून गावोगावी मंडळं आहेत आणि त्यातली बरीचशी स्वयंसेवकच चालवतात. २१ जूनला तिकडे फेत द ला म्युझिक म्हणजे संगीताचा उत्सव असतो, १९८२ पासून, रस्त्यावर कोणीही गावं वाजवावं. अशा कार्यक्रमात खुर्च्या लावायला, लोकांना जागा दाखवायला व्याकरण लागत नाही आणि खरं सांगू, तोंड तिथंच उघडतं. फक्त परीक्षा असेल तर आधीच नाही म्हण, हो म्हणून ऐनवेळी गायब होऊ नको. आणि हिवाळ्यात गावाहून येताना भरिताची वांगी आण, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्यांसोबत सगळ्यांना खाऊ घाल. वांग्याला फ्रेंचमध्ये ओबेर्जिन म्हणतात, तिथून गप्पा सुरू कर.