दाण्यावर नवा पाहुणा आला तर

आधी फोटो काढ, पक्ष्यांचं पुस्तक नंतर उघड. धूसर आला तरी चालेल, पण चोच, पाठ, शेपटी आणि पाय दिसले पाहिजेत. पाय कशाला? बाल्कनीतल्या बाजरीवर राखाडी अंगाचा, पांढऱ्या गालांचा, जाड गुलाबी चोचीचा पक्षी बसला की लगेच हुरळू नकोस. ती जावा चिमणी, मूळची जावा-बालीची. इथे बहुधा कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेली. पायात कडी, झिजलेली शेपटी, माणसाला न बिचकणं, हे आधी बघ. साध्या पांढरट चिमणीनं मलाही दोन दिवस नाचवलंय! खरंच वाट चुकून आलेला रानपक्षी वाटला तर ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) फोटोसकट नोंद टाक, दाणे त्याच जागी ठेव. पत्ता मात्र सोसायटीत विचारूनच दे. पहाटे सहाला दुर्बिणीवाले गेटवर जमले, की वॉचमन तुझीच बेल वाजवणार.