फ्लशिंगच्या वाटेवरची पाटी

‘ताई, आम्ही पुण्यातच राहिलो असतो तर हे झालं नसतं ना?’ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. थँक्सगिव्हिंगला आलेल्या लेकानं भांडी विसळता विसळता सांगितलं, आई, मी गे आहे. तेव्हापासून बाईंच्या डोळ्याला डोळा नाही. पत्रात काळज्या चार आहेत. मी एकीलाच धरून बसणार, माझी खोडच आहे ती.

अहो, इथल्या पाण्याला बोल कशाला लावता? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलं, आणि प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ते आपल्या सुप्रीम कोर्टानं मोडीत काढेपर्यंत २०१८ उजाडलं. गोऱ्यांकडून आपण काही उचललंच असेल, तर ते हे कलम!

तुम्ही लिहिता, ‘संस्कारांत कुठे कमी पडलो?’ माझ्या भाच्यानं हेच सांगितलं तेव्हा मीही शहाण्यासारखी म्हणाले होते, डॉक्टरला दाखवू या का. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हे आजारांच्या यादीतून १९७३ मध्येच काढलं होतं, आणि मी सल्ले देणारी बाई! पोरगं ताटावरून उठून गेलं.

न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या गणपतीला जाता ना? दर्शन, मग खाली कँटीनमध्ये डोसा. त्याच फ्लशिंगमध्ये जीन मॅनफर्ड नावाच्या शाळेतल्या बाई राहायच्या. १९७२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या मॉर्टीला पत्रकं वाटताना बेदम मारलं, पोलीस बघत राहिले. बाईंनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: माझा मुलगा समलिंगी आहे आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. खाली स्वतःचं नाव. जूनमध्ये त्या लेकाबरोबर न्यूयॉर्कच्या मोर्चात चालल्या. हातात पाटी: समलिंगी मुलांच्या आईवडिलांनो, लेकरांच्या पाठीशी एक व्हा. लोक आनंदानं ओरडायला लागले, तर यांना वाटलं, मागून डॉक्टर स्पॉक चालताहेत, त्यांच्यासाठीच असणार. (तेच, बाळसंगोपनाच्या पुस्तकवाले.) तेवढ्यात पोरंपोरी धावत येऊन विनवायला लागली, माझ्या आईशी बोलाल का? १९७३ च्या मार्चमध्ये ग्रीनिच व्हिलेजच्या एका चर्चमध्ये अशा आईबापांची पहिली बैठक भरली. आले वीसेक जण. त्यातून उभी राहिलेली पीफ्लॅग संघटना आज देशभर आहे. तुमच्या जवळच्या शाखेत फोन करा, आजच.

बाकीच्या तीन उरकते. सासूबाईंना सांगायचं का, ते लेकाला विचारा, बातमी त्याची आहे. मंडळात कुणी ‘लग्नाचं काय’ विचारलं तर चकलीचा डबा पुढे करा. आणि यजमान बोलत नाहीत म्हणता, तर आमचा दादाही चार महिने गप्प होता. मग एका रात्री वहिनीला न उठवता, बर्फात गाडी काढून भाच्याला विमानतळावरून घेऊन आला. वाटेत बोलले म्हणे फक्त क्रिकेटवर.

फ्लशिंगला १७१ नंबरच्या रस्त्यावर जीन, तिचा नवरा ज्यूल्स आणि मॉर्टी, तिघांच्या नावाची पाटी आहे. देवळापासून गाडीनं फार लांब नाही. डोसा नंतर खा.