आरएनए 'निरर्थक' की 'बिगरसंकेती'?

प्रश्न असा आहे : एका आरोग्यविषयक लेखात 'लाँग नॉन-कोडिंग आरएनए'साठी 'दीर्घ निरर्थक आरएनए' असे लिहिले आहे. ते बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावे?

'दीर्घ' ठीक आहे. आरएनए म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवून घेतलेली साखळी. तिच्यात २००हून जास्त न्यूक्लिओटाइडे, म्हणजे तिची एकेक 'अक्षरे', असली की 'लाँग' म्हणतात. 'निरर्थक' मात्र मला अजिबात पटत नाही. इथे 'कोड' म्हणजे प्रथिन कसे घडवायचे त्याचा मजकूर. तो या आरएनएत नसतो, इतकेच. शिवाय 'नॉनसेन्स म्युटेशन' (प्रथिनाची घडण मध्येच थांबवणारा जनुकातला बदल) ही जनुकशास्त्रातली वेगळी संज्ञा आहे. 'निरर्थक' तिच्यासाठी राखून ठेवावा.

जमिनीच्या व्यवहारात आपण 'पडीक' आणि 'बिगरशेती' यांत गल्लत करत नाही. बिगरशेती जमिनीत पीक घेत नाहीत, पण तिच्यावर घर उभे राहते, कारखाना चालतो. 'बिगर' एवढे एकच काम वगळतो, बाकीची मोकळी ठेवतो. म्हणून मी 'दीर्घ बिगरसंकेती आरएनए' सुचवेन. फारसीतून आलेला 'बिगर' आणि संस्कृत 'संकेत' यांचा संकर कुणाला खटकेल, पण 'बिगरसरकारी', 'बिगरराजकीय' आपण रोज म्हणतोच. 'असांकेतिक' मी टाळतो. त्याने सांकेतिक भाषा, सांकेतिक खुणा असले काहीतरी डोळ्यांपुढे येते.

हा आरएनए काय काम करतो, ते सिलिअ‍ॅक रोगात पाहा. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते. 'एलएनसी-१३' नावाचा आरएनए एरवी दाहयुक्त सूज वाढवणाऱ्या काही जनुकांना दाबून धरतो. रुग्णांच्या आतड्यात तो कमी आढळतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याहून विलक्षण म्हणजे, या रोगाशी जोडलेला एका अक्षराचा फरक याच आरएनएत आहे. तेवढ्या फरकाने, ज्या प्रथिनाच्या जोडीने तो काम करतो त्याच्यावरची त्याची पकड सैल होते. ज्याचे एक अक्षर बदलल्याने इतका फरक पडतो, त्याला निरर्थक कसे म्हणायचे?

त्याच लेखात 'इन्फ्लमेटरी'ला 'दाहक' म्हटले आहे. 'दाहक' आम्लाला शोभतो, आजाराला नाही. 'शोथ' म्हटले तर नुसती सूज कळते, आग कळत नाही. मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असे येते. शब्द दोन होतात, पण दुखऱ्या जागेची लाली, ऊब आणि फुगवटा सगळे त्यात येते. मी तेच वापरतो.