प्रसिद्धीच्या फोटोवरून पिस्तूल ठरवू नका

मालिकेत कोणाच्या हातात कोणतं पिस्तूल दिसतं याचा तुमचा तक्ता बघितला आणि दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. न्यूयॉर्क पोलिसांवरची मालिका. मुख्य डिटेक्टिव्ह पोस्टरवर ग्लॉक कंपनीचं मॉडेल १७ घेऊन उभी, तिसऱ्या भागात तिच्याच हातात ग्लॉक १९, आणि तक्त्याखाली कुणीतरी ‘ते २६ आहे’ असं ठासून सांगून गेलंय. आता तिच्या नावापुढच्या एका रकान्यात काय लिहायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते तिच्या नावापुढे असा एकच रकाना ठेवणं हीच पहिली चूक आहे. ओळी पात्रागणिक न करता दृश्यागणिक करा: सीझन, भाग, मिनिट-सेकंद, कोणाच्या हातात, पिस्तुलाची कोणती बाजू दिसते, कशावरून ओळखलं. पात्राचं ‘नेहमीचं’ पिस्तूल कोणतं हे पन्नासेक ओळी झाल्या की आपोआप दिसतं. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतला फरक वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. आधीच सांगून ठेवतो, मी शस्त्रतज्ज्ञ नाही. पडद्यावर दिसलेलं ओळखणं एवढाच माझा प्रांत, आणि त्यातही चुका होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रसिद्धीचे फोटो पुरावा म्हणून धरणं. मीही त्याच खड्ड्यात पडलो होतो. चार सीझनच्या नोंदी पुसून पुन्हा कराव्या लागल्या, एवढं सांगतो आणि पुढे जातो. हे फोटो बहुतेक वेळा चित्रीकरणापासून वेगळ्या दिवशी, स्टुडिओत, वेगळ्या छायाचित्रकाराकडून काढले जातात. त्या दिवशी सामानाच्या पेटीतून जे येईल ते कलाकाराच्या हातात जातं. बऱ्याचदा ते रबराचं किंवा प्लॅस्टिकचं ओतीव पिस्तूल असतं. ते ओळखायच्या खुणा अशा: नळीचं तोंड बुजलेलं किंवा जेमतेम खळगा असलेलं, दस्त्याच्या मधोमध साच्याची बारीक शिवण, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) यांच्यामध्ये फट नाही, आणि चाप मागच्या जागेशी एकजीव झालेला. त्यावर फोटो सजवणारा माणूस कोरलेली अक्षरं पुसतो, कडा गुळगुळीत करतो, आणि मांडणीला सोयीचं म्हणून अख्खा फोटो आरशातल्यासारखा उलटवतोही. स्लाइडमधली पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडायची खिडकी ग्लॉकला उजव्या बाजूला असते. ती डावीकडे दिसली तर आधी शर्टाची बटणं आणि बिल्ल्यावरची अक्षरं बघा. नवं मॉडेल सापडल्याचा आनंद नंतर.

दुसरं खोटं आश्वासन म्हणजे ‘अधिकृत’ माहिती. पडद्यासाठी शस्त्रं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीला (नाव घेत नाही) सविस्तर प्रश्न पाठवले, तर आठ आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘आमच्या नोंदीप्रमाणे ग्लॉक १९’. त्या नोंदीत खरं, ब्लँकवर (गोळी नसलेल्या, नुसता बार उडवणाऱ्या काडतुसावर) चालणारं, रबराचं, सगळं एकाच नावाखाली लिहिलेलं असतं हे नंतर उमगलं. कोणत्या दृश्यात काय होतं याची नोंदच त्यांच्याकडे नव्हती, आणि तसं स्पष्ट सांगायचीही तयारी नव्हती. पत्र जरूर पाठवा, पण उत्तर आलं तर ते ‘ऐकीव’ या रकान्यात टाका.

आता १७ की १९. लोक स्लाइडची लांबी आणि दस्त्याची उंची यांचं गुणोत्तर काढत बसतात. त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण १९ मध्ये स्लाइड साधारण १२ मिलिमीटरने आणि दस्ता साधारण ११ मिलिमीटरने, दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात कमी केलेत. मोजपट्टी म्हणून पुंगळीची खिडकी वापरा, ती दोन्हींत सारखीच आहे. खिडकीच्या पुढच्या कडेपासून नळीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला खिडकीच्या लांबीने भागा. १७ ची नळी ११४ मिलिमीटर, १९ ची १०२. हा सगळा फरक खिडकीच्या पुढे पडतो, त्यामुळे आकडा स्पष्ट वेगळा येतो. आधी दोन्ही मॉडेलांच्या सरळ बाजूने काढलेल्या चित्रांवर हेच मोजून आपले दोन आकडे ठरवून घ्या. अट एकच, चौकट (थांबवलेलं एकेक चित्र) अगदी बाजूने हवी. पिस्तूल कॅमेऱ्याकडे दहा-पंधरा अंशांनी जरी वळलं किंवा लेन्स रुंद असली तरी पुढचा भाग फुगतो आणि १९ चं १७ होतं. तुमच्या पोस्टरवरही ते असंच तिरकं धरलंय, म्हणजे तो पुरावा दुहेरी बाद. २६ मात्र ओळखायला सोपं असतं. साध्या १० गोळ्यांच्या मॅगझिनवर (दस्त्यात बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर) करंगळीला जागाच उरत नाही, ती खाली लोंबते.

ग्लॉकची पिढी (कंपनीने वेळोवेळी काढलेली सुधारित आवृत्ती) ओळखलीत तर कालविसंगतीही पकडता येते. पहिल्या दोन पिढ्यांना पुढे खाली टॉर्च लावायची पट्टी नाही. तिसरीला पट्टी आहे आणि दस्त्यावर बोटांसाठी खाचा. २०१० च्या चौथीला खाचा आहेत, पण पृष्ठभाग ठिपक्याठिपक्यांचा, मॅगझिन सोडायचं बटण मोठं, आणि स्लाइडवर पिढी कोरलेली. २०१७ च्या पाचवीत बोटांच्या खाचा गेल्या आणि स्लाइड अडवणारा खटका दोन्ही बाजूंना आला. म्हणजे २०१५ मध्ये प्रसारित झालेल्या भागात कुणी पाचवी पिढी ‘ओळखली’ असेल तर त्याचा एकतर भाग चुकलाय किंवा पिस्तूल.

खऱ्या खात्याचा नियम माहीत असणं उपयोगी, पण त्यावरून पडद्यावरचं ठरवू नका. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये .३८ रिव्हॉल्व्हरकडून ९ मिलिमीटर पिस्तुलांकडे वळायला सुरुवात केली. तेव्हा परवानगीच्या यादीत ग्लॉक १९, सिग पी२२६ आणि स्मिथ अँड वेसन ५९४६ ही तीन होती. जुन्या लोकांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर पुढेही राहिलं, ते पूर्ण बंद झालं २०१८ मध्ये. गंमत अशी की यातलं सिग फक्त डबल ॲक्शन प्रकारचं होतं, म्हणजे दर वेळी चाप ओढूनच घोडा (काडतूस उडवणारा मागचा हातोडा) मागे जातो आणि सुटतो. अशा घोड्याला अंगठ्याने ओढायचं शेपूट नाही आणि डाव्या बाजूला घोडा उतरवायचा खटकाही नाही. मालिकांमध्ये मात्र सहज भाड्याने मिळणारं साधं पी२२६ दिसतं, खटक्यासकट. तक्त्यात ‘न्यूयॉर्क पोलीस असल्याने डबल ॲक्शन’ असं लिहिलंत तर ते तर्कावर आधारलेलं होईल, बघितलेलं नाही. खात्याच्या ग्लॉकला त्या काळी मुद्दाम बसवलेल्या १२ पौंडांच्या जड चापाचंही तसंच. तो पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे लिहूच नका. आणि पी२२६ व पी२२९ मध्ये घोटाळा करू नका. पी२२९ आखूड असतं आणि त्याची स्लाइड पोलादाचा ठोकळा कोरून केलेली, वरच्या कडांना ठसठशीत उतार असलेली. मूळ पी२२६ ची स्लाइड पत्रा दाबून केलेली, पण नंतरच्या पी२२६ लाही कोरीव स्लाइड आली, म्हणून एकट्या स्लाइडवर विसंबू नका.

एकाच प्रसंगात पिस्तूल बदलतं, हे नवख्यांना पटत नाही. जवळच्या चौकटीत एक, पळताना दुसरं (रबराचं), गोळी झाडताना तिसरं. ब्लँक काडतुसात गोळीच नसते, त्यामुळे स्लाइड मागे ढकलण्याइतका दाब नळीत तयार होत नाही. म्हणून पडद्यासाठीच्या स्वयंचलित पिस्तुलांच्या नळीत आतून अडसर असतो, आणि तोंडाच्या जवळच्या चौकटीत भोक संशयास्पद बारीक दिसतं. रिव्हॉल्व्हरला ही गरज नसते, त्याचं गोळ्यांचं चक्र हाताच्या जोरावर फिरतं. जमिनीवर पडलेल्या पुंगळीचं तोंड फुलासारखं उमललेलं दिसलं तर ती ब्लँकची. आणि ब्लँक म्हणजे निरुपद्रवी, असं कृपा करून कुठे लिहू नका. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अभिनेता सेटवर ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढल्यामुळेच दगावला.

२०२१ नंतरच्या भागांसाठी वेगळी नजर लागते. त्या ऑक्टोबरात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाल्यावर ‘द रूकी’ या लॉस एंजेलिसच्या पोलीस मालिकेने झाडण्याच्या दृश्यांत फक्त एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी नकली पिस्तुलं) वापरायचं आणि नळीच्या तोंडाचा जाळ संगणकावर टाकायचा असं जाहीर केलं. एअरसॉफ्ट ग्लॉक बाहेरून हुबेहूब असतं. मी तीन जागा बघतो. नळीच्या तोंडाच्या आत थोडं खोल आणखी एक बारीक नळी दिसते, ६ मिलिमीटर छर्‍याची. मॅगझिनच्या बुडाला बऱ्याचदा गॅस भरायचा छोटा व्हॉल्व्ह असतो. आणि स्लाइड मागे अडकलेली असताना खऱ्या ग्लॉकची नळी तोंडाशी किंचित वर उचललेली असते, कारण तिचा मागचा भाग खाली उतरून कुलूप सुटतं. एअरसॉफ्टमध्ये ती पुष्कळदा सरळच राहते. ही तिसरी खूण बेरेटा ९२ ला लावू नका, खऱ्या बेरेटाची नळीसुद्धा सरळच मागे जाते.

बेरेटाचा विषय निघालाच आहे तर, जुन्या मालिकांत ते आणि टॉरस पीटी९२ यांची सर्रास अदलाबदल केलेली आढळते. बेरेटा ९२एफएसचा सेफ्टीचा खटका स्लाइडवर, मागच्या टोकाला. टॉरसचा फ्रेमवर, अंगठ्यापाशी. एवढं बघितलं की पुरे.

जुन्या भागांतल्या रिव्हॉल्व्हरसाठी चक्र उघडायचा खटका बघा: स्मिथ अँड वेसनमध्ये पुढे ढकलतात, कोल्टमध्ये मागे ओढतात, रूगरमध्ये आत दाबतात. चक्र फिरताना दिसलं तर आणखी सोपं. मागून बघताना कोल्टचं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, स्मिथचं उलट. घोट्याला बांधलेलं आखूड रिव्हॉल्व्हर बहुतेक जण डोळे मिटून ‘मॉडेल ३६’ (स्मिथ अँड वेसनचं) लिहितात. आधी चक्रातली गोळ्यांची घरं मोजा. मॉडेल ३६ पाच गोळ्यांचं, कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल सहा गोळ्यांचं.

आवाजाला पुरावा मानू नका. ग्लॉकला बाहेर घोडाच नाही, तरी धमकीच्या प्रत्येक दृश्यात तो ‘खट्’ करून ओढल्याचा आवाज भरलेला असतो. तो ऐकून सिग लिहिलेल्या नोंदी वाचल्यात, म्हणून सांगितलं. गोळ्या मोजण्यातही फार जीव घालवू नका, संकलनात एकच झाडणं दोन कोनांतून दोनदा दाखवतात.

कुठली प्रत बघता यानेही फरक पडतो. स्ट्रीमिंगवर काळोख्या चौकटींत काळं पिस्तूल काळ्या कोटात विरघळतं, तिथे डिस्क बरी. चौकोनी पडद्यासाठी केलेल्या जुन्या मालिका रुंद करताना वरखाली कापलेल्या असतील तर कमरेचं होल्स्टरच चौकटीबाहेर जातं. अशा मालिकेची जुनी, मूळ आकाराची प्रत शोधा, चित्र थोडं धूसर असलं तरी चालेल.

होल्स्टरमधल्या पिस्तुलाचं मॉडेल लिहू नका. मागून दिसतो फक्त दस्ता, मागची माशी आणि घोडा आहे की नाही. त्यावरून ‘ग्लॉक, मॉडेल अनिश्चित’ एवढंच म्हणता येतं. असं लिहायला लाज वाटते खरी, पण चुकीचा आकडा एकदा लिहिला गेला की दहा ठिकाणी नकलून जातो, आणि मग तुम्हालाच तो पुरावा म्हणून दाखवतात.

तुमच्या डिटेक्टिव्हपुरतं सांगायचं तर पोस्टरची ओळ ‘प्रसिद्धीचा फोटो, पडताळणी नाही’ म्हणून वेगळ्या पानावर हलवा. तिसऱ्या भागात ती दारातून आत शिरते तेव्हा दोनेक सेकंद पिस्तूल बाजूने दिसतं म्हणालात. तिथली एकेक चौकट पुढे सरकवत खिडकीचं माप घ्या, आणि कमीत कमी तीन चौकटींत आकडा सारखा आला तरच १९ लिहा. २६ म्हणणाऱ्याला मिनिट-सेकंद विचारा. कदाचित तो वेगळ्या भागातल्या तिच्या सुटीच्या दिवसाच्या पिस्तुलाबद्दल बोलत असेल, आणि मग त्याची वेगळी ओळ होईल.