मायक्रोसर्व्हिसेस की मोनोलिथ? आधी वजनकाट्यावर जाऊन बसा

तुमचा प्रश्न असा की, धंद्याच्या अडचणीवर सिस्टिम उभी करायची तर मायक्रोसर्व्हिसेस (सिस्टिमचे छोटे-छोटे स्वतंत्र तुकडे) घ्यावेत की मोनोलिथ (सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये), आणि टोगाफचं, म्हणजे संस्थेच्या सिस्टिमचा आराखडा करायच्या पद्धतीचं, सर्टिफिकेट कामाला येतं का.

मोनोलिथ घ्या. का, ते सांगतो.

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम आमच्या टीमकडे आलं. आम्ही चौघं. पुण्याच्या सिनियरने पहिल्याच मीटिंगला नऊ सर्व्हिसेसचं चित्र काढलं: वजन वेगळं, भाव वेगळा, पेमेंट वेगळं. मी जळगावचा. म्हटलं, आधी दोन दिवस काट्यावर बसून येऊ. सिनियर म्हणाले, "रिक्वायरमेंट्स आल्यात ना, मग कशाला?"

सिस्टिम चालू झाली आणि तिसऱ्या दिवशी शेतकरी गादीवर येऊन भांडायला लागले. माल कापला संध्याकाळी, ट्रक काट्यावर लागला रात्री साडेबाराला. वजनाच्या सर्व्हिसने काट्याची तारीख उचलली, भावाच्या सर्व्हिसने त्या तारखेचा भाव दिला, आणि भाव नेमका उतरलेला. मुनीम नानांनी वही पुढे सरकवली. एकाच ओळीत कापणीची तारीख, नवती (नवी लागवड) की पिलबाग (जुन्या खुंटाच्या पिलांची बाग), घड, वजन, भाव. "भाऊ, माल कापला त्या दिवसाचा भाव. पहिल्यापासून असंच आहे."

वहीत जे एका ओळीत होतं, ते आम्ही तीन डेटाबेसमध्ये वाटून टाकलं होतं. दुरुस्तीला अकरा दिवस गेले. तेवढे दिवस शेतकऱ्यांचे पैसे अडकले, हे मला आजही सलतं.

टोगाफ जरूर वाचा. त्यातही क्रम हाच आहे: आधी बिझनेस, मग डेटा आणि ॲप्लिकेशन, तंत्रज्ञान त्यानंतर. सिस्टिमचं वर्णन काय, कसं, कुठे अशा प्रश्नांच्या रकान्यांत मांडणारी झॅकमनची चौकट १९८७ ची, १९९२ मध्ये ती वाढवली. तिच्यात 'केव्हा' हा स्वतंत्र रकाना आहे. आमचा घोळ त्याच रकान्यातला. आमच्या सिनियरकडे सर्टिफिकेट होतं, तरी तो रकाना कोरा राहिला.

हां, तुमच्याकडे पाच-दहा स्वतंत्र टीम असतील तर मायक्रोसर्व्हिसेस चुकीचे नाहीत. कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसांचं आपसात बोलणं जसं चालतं, तसाच सिस्टिमचा आराखडा निघतो. चार माणसांत नऊ तुकडे मात्र करू नका.

सिनियर अजूनही म्हणतात, ही क्लायंटची चूक, त्याने सांगायला हवं होतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. नानांची वही गल्ल्याशेजारी दिवसभर उघडीच असायची.