‘सातारेन्सिस’ कसे उच्चारावे

कास पठारावरच्या वायतुऱ्याचे शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे. त्यातले विशेषण वाचताना तुम्ही आधी ‘सातारा’ आणि ‘तिथला’ असा अर्थ देणारा ‘-एन्सिस’ हा प्रत्यय वेगळा करा, मग सा-ता-रेन्-सिस् अशी चार अक्षरे पाडा. लॅटिनमध्ये उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर पडतो, लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर. ‘रेन्’ व्यंजनान्त, म्हणून गुरू; तेव्हा आघात तिथेच द्यावा, सवयीने ‘ता’वर नव्हे. आंब्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘इन्-दि-का’मध्ये मात्र ‘दि’ लघू असल्याने तो ‘इन्’वर सरकतो. शाळेत वृत्तांसाठी लघु-गुरू मोजलेल्यांना हे जड जाऊ नये. स्वरान्त अक्षराची दीर्घता मात्र लिहिण्यात दिसत नाही, म्हणून ‘लानुगिनोसा’ (लोकरीसारखी लव असलेली) या विशेषणातला ‘नो’ दीर्घ आहे हे कोशातच पाहावे लागते.